मदत हवी आहे: लिनक्स कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) टायमर वेळेवर उठवत नाही, कळ दाबली की मशीन पुढे सरकतं

नमस्कार मंडळी,

जिंतूर तालुक्यात आमच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) एक जुनं अ‍ॅटम नेटबुक ठेवलंय. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे, वीज सोलर पॅनल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरून. काम एकच: दर मिनिटाला थ्री फेजचा सेन्सर बघायचा आणि लाईट आली की दादांच्या मोबाईलवर एसएमएस टाकायचा. शेतीच्या लाईटची रात्रपाळी असते त्या आठवड्यात ती कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला साठी ओलांडलेल्या माणसानं तीन-तीनदा अंधारात रानात चकरा मारायच्या, हे मला बघवत नाही.

अडचण अशी. मध्यरात्रीनंतर मशीन गप्प होतं. हँग नाही, कारण स्पेसबार दाबला की लगेच हलतं. परवा पहाटे दादांनी कळ दाबली तेव्हा स्क्रीनवर १:१४ होते, मोबाईलवर ४:५०. हार्डवेअर घड्याळ (बोर्डवरचं वेगळं घड्याळ) मात्र बरोबर. लॉगमध्ये खंड दिसत नाही, लिनक्सचं घड्याळच साडेतीन तास मागे.

मी तिथं बसून 'स्लीप ५' (पाच सेकंद थांबायची आज्ञा) चालवून पाहिलं. पाच सेकंद झाले, वीस झाले, कर्सर जागचा हलेना. शिफ्टला बोट लावलं की ओळ उमटली. गंमत म्हणजे लॅनवरून एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून जोडणी) लावून बघत बसलो तर सगळं सुरळीत.

बूटच्या ओळीत 'नोएचझेड' (काम नसताना टिक थांबवणं) आणि 'हायरेस' (बारीक मापाचे टायमर) दोन्ही ऑफ केले की त्रास थांबतो. पण मग टिक, म्हणजे कर्नलचा ठराविक ठोका, सेकंदाला २५० वेळा वाजत राहते आणि ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे बॅटरी बसते. टिकलेस सोय (हेच नोएचझेड) २००७ मध्ये २.६.२१ कर्नलपासून आली ती वीज वाचवायलाच. ती बंद करून कसं भागेल? नेमकं कुठं शोधू?

उत्तर:

भाऊ, एसएसएचचा मुद्दा लिहिलात ते फार बरं झालं. नेटवर्कवरून पॅकेट आलं की इंटरप्ट (सीपीयूला 'इकडे बघ' असा इशारा) येतो, सीपीयू जागा होतो. कळीचंही तेच. म्हणजे बाकी इंटरप्ट पोचतात, फक्त टायमरचा पोचत नाही.

जुन्या चिपमध्ये सीपीयू खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत) गेला की त्याचा स्वतःचा लोकल एपिक टायमर बंद पडतो. अशा वेळी एचपीईटीसारखा (बोर्डवरचा वेगळा टायमर) बाहेरचा टायमर त्याला उठवतो, त्याला ब्रॉडकास्ट म्हणतात. तुमच्याकडे हा निरोपच हरवतोय असं वाटतं. घड्याळ मागे पडण्याचं कारणही यातच असावं: लिनक्स एचपीईटीचा काउंटर ३२ बिटांचाच वाचतं, १४.३१८ मेगाहर्ट्झला तो साधारण ३०० सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. मधे कुणी उठलं नाही तर ते फेरे मोजलेच जात नाहीत.

आधी सीपीयूइन्फोमध्ये (सीपीयूची माहिती देणारी फाईल) 'एआरएटी' फ्लॅग आहे का बघा; तो असला तर लोकल टायमर गाढ झोपेतही चालतो. मग नोएचझेड चालू ठेवून इंटेल-आयडलचा (सीपीयूला झोपवणारा ड्रायव्हर) मॅक्स सी-स्टेट १ करा, म्हणजे तो खोल झोपणार नाही. त्रास गेला तर दोष ब्रॉडकास्टमध्ये. रूट होऊन प्रोकमधली (कर्नलची माहिती दाखवणारा फोल्डर) टायमर लिस्ट उघडा, 'ब्रॉडकास्ट डिव्हाईस' पुढे काय आहे ते इथं टाका. हे पूर्वी कधी नीट चालत होतं का?

मूळ धागाकर्ता:

एआरएटी नाही. मॅक्स सी-स्टेट १ वर तीन रात्री एकदाही अडकलं नाही, घड्याळही बरोबर. ब्रॉडकास्टपुढे एचपीईटीच आहे. बॅटरी आधीपेक्षा बरी टिकते, पण सलग दोन दिवस आभाळ आलं तर पुरणार नाही, म्हणून खोल स्टेट हवीच आहे.

आणि हो, गेल्या हिवाळ्यात याच मशीनवर आधीची डेबियन होती, तेव्हा एकही रात्र चुकली नव्हती. तो जुना कर्नल पेनड्राइव्हवर सापडला. आज रात्री मर्यादा काढून तोच लावून येतो. नीट चालला तर दोन्हींच्या मधले कर्नल बायसेक्ट करायला (अर्धे-अर्धे करत बिघाड कुठल्या बदलानं आला ते शोधायला) बसतो. या आठवड्यात लाईट रात्रीचीच आहे, सकाळी लॉग टाकतो.