गल्ला नंतर, आधी उधारीची वही

शिकलेला मुलगा दुकानात बसला की शिक्षण वाया गेलं असं बरेच जण म्हणतात, ते काही मला पटत नाही बुवा. उद्योगपती शंतनुराव किर्लोस्कर 1926 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनियर झाले आणि आले कुठे तर किर्लोस्करवाडीला, वडिलांच्याच कारखान्यात.

आमचं आपलं साधं हार्डवेअरचं दुकान. मुलगा बीकॉम झाला तरी मी त्याला गल्ल्यावर बसवलंच नाही, सहा महिने मागे गोडाऊनला, कुठला स्क्रू कुठल्या खोक्यात, 18 एमएम प्लाय कुठला आणि 12 कुठला ते नुसतं बोट लावून कळलं पाहिजे, मग उधारीची वही हातात दिली आणि म्हटलं जा वसुली करून ये. पहिल्या दिवशी पठ्ठ्या चार ठिकाणी चहा पिऊन रिकामा परत :) आता सुतार, प्लंबर मला नाही, त्यालाच फोन करतात. जीएसटीचं सगळं तोच बघतो, मला काही झेपत नाही ते.

चूक झाली ती माझ्याकडून. त्याने एका गिऱ्हाईकाला उधार नाही म्हटलं आणि मी पोरासमोरच त्या गिऱ्हाईकाला उधारीवर माल दिला. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. आता तो काउंटरला असला आणि जीभ आवरेना झाली की मी सरळ समोरच्या टपरीवर जाऊन बसतो.