युनेस्कोची पाटी लागली की जागा खरंच वाचते का?

गोंधळलेला_गडी

एक बाळबोध शंका आहे, हसू नका. कुठल्याही प्रसिद्ध जागेबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या दोन ओळींत ‘वर्ल्ड हेरिटेज साइट’ असतंच. माझी आपली समजूत अशी की एकदा ती पाटी लागली की विषय संपला, मग तिथली वीटसुद्धा कोणी हलवू शकत नाही, युनेस्कोची माणसं येऊन लक्ष ठेवतात, पैसे देतात वगैरे. आणि परवा वाचलं की इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदराचं नाव २०२१ मध्ये यादीतून काढलं, गोदीत नवं स्टेडियम आणि उंच इमारती येणार म्हणून! म्हणजे काढतात पण? आणि काढलं तर काढलं, त्या शहराचं बिघडलं काय? तिथली ती जुनी लाल विटांची गोदामं तर अजून उभी आहेत, फोटोत दिसतात. मग हे ‘संरक्षित’ म्हणजे कोणी कोणापासून संरक्षित केलंय? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

दगडधोंडे

हसण्यासारखं काही नाही, बऱ्याच जणांची हीच समजूत असते.

युनेस्कोकडे पोलीस नाहीत, आणि कुठल्या सरकारला ‘बांधकाम थांबव’ म्हणून हुकूम सोडायची ताकदही नाही. १९७२ चा एक करार आहे त्यावर हे सगळं चालतं. देशच स्वतःहून आपल्या जागेचं नाव पाठवतो, सोबत जाडजूड फाइल, की आमचा अमुक कायदा आहे, आजूबाजूला एवढा बफर झोन (बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) ठेवलाय, देखभालीचा प्लॅन हा असा. वास्तू असेल तर इकोमॉस या वारसास्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आणि जंगल-समुद्र असेल तर आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या संस्थेचे तज्ज्ञ तपासतात, मग २१ देशांची समिती ठरवते. एकूण १० निकष आहेत, ६ सांस्कृतिक आणि ४ नैसर्गिक, त्यातला निदान एक बसला पाहिजे. पण जागा सांभाळायची कोणी, तर ज्याची आहे त्या देशानेच. निधी आहे पण जगभर १२४८ जागा (२०२५ च्या यादीप्रमाणे) म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला काय येणार, चहापाणी!

या कराराची कल्पना पुढे आली ती इजिप्तमधल्या अबू सिंबेलमुळे. आस्वानचं मोठं धरण बांधायला घेतल्यावर नाईलचं पाणी चढणार आणि रामसेस राजाची तिथली ३ हजारांहून जास्त वर्षं जुनी देवळं बुडणार हे दिसत होतं. मग १९६४ ते ६८ मध्ये दोन्ही देवळं अक्षरशः करवतीने कापून, ठोकळ्यांवर नंबर टाकून, ६५ मीटर वर नेऊन परत जोडली. एकेक ठोकळा २०-२० टनांचा. कापताना वरून दगड पडून पुतळ्यांची तोंडं फुटू नयेत म्हणून आधी दर्शनी भाग वाळूत बुजवून टाकला होता, ही आयडिया मला भारी आवडते, कारण हजारो वर्षं त्या देवळाला वाळूनेच तर सांभाळलं होतं. नव्या जागी मागे जो डोंगर दिसतो ना तो खोटा आहे, आतून काँक्रीटचा पोकळ घुमट. जवळजवळ ५० देशांनी पैसे घातले. तेव्हा लोकांना वाटलं की हे असं दर वेळी धावपळ करून करण्यापेक्षा कायमचं काहीतरी करू, आणि पुढे तो १९७२ चा करार झाला.

खवचट_खार

थोडक्यात काय, पाटीच. शोभेची.

ओमानचं बघा. अरबी ओरिक्स म्हणून पांढरं हरीण असतं, जंगलातून पार संपलं होतं, पिंजऱ्यात वाढवलेले आणून १९८२ मध्ये परत सोडले. १९९४ ला ते अभयारण्य यादीत आलं. १९९६ ला साडेचारशे जनावरं होती, शिकाऱ्यांनी मारून आणि पकडून ती ६५ वर आणली आणि त्यात तेल सापडायची आशा निघाली म्हणून सरकारने अभयारण्य ९० टक्के कापून टाकलं! २००७ ला नाव काढलं, यादीतून गेलेलं हे पहिलंच. हरणांना काय कळणार आपण वर्ल्ड हेरिटेज आहोत ते.

रेवा_के

काढल्यावर काय होतं याचं उत्तर माझ्याकडे आहे थोडंफार. कामानिमित्त काही महिने जर्मनीत ड्रेस्डेनला होते. तिथलं एल्बे नदीचं खोरं २००४ ला यादीत आलं आणि २००९ ला गेलं, कारण एक पूल. ट्रॅफिकसाठी शहराला चार लेनचा पूल हवा होता, समितीचं म्हणणं की नेमका त्या मोकळ्या कुरणांच्या मधोमध नको, बोगदा करा. २००५ ला लोकांचं मतदान झालं होतं त्यात पुलाच्या बाजूने दोनतृतीयांश मतं, मग कोण ऐकतंय. २०१३ ला पूल सुरू झाला.

मी रोज त्यावरून जायचे. खरं सांगायचं तर पूल काही भयंकर वगैरे नाही, पण खाली नदीकाठी उभं राहिलं की कळतं, दोन्ही बाजूंना नुसतं गवत, लांबवर घुमट आणि मनोरे, आणि मध्ये ती लोखंडाची आडवी पट्टी. ऑफिसातल्या एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला घरी पोचायला कमी वेळ लागतो, टुरिस्ट तर अजून येतातच, मग? मला उत्तर सुचलं नाही. जर्मनीचं हसं झालं एवढं मात्र खरं.

अवांतर: पुलावर उन्हाळ्यात रात्री ताशी ३० किमीचं स्पीड लिमिट असतं, कारण तिथे एक दुर्मिळ जातीचं वटवाघूळ आहे. युनेस्कोला जे जमलं नाही ते वटवाघळाने थोडंफार करून दाखवलं, कारण त्याच्या पाठीशी कायदा होता ना!

दगडधोंडे

@खवचट_खार, अर्धवट सहमत. पाटी कोणाला धरून आणत नाही, पण तिथल्या लोकांच्या हातात एक काठी देते. ‘धोक्यातल्या जागांची यादी’ म्हणून वेगळी यादी असते, तिची लाज वाटते सरकारांना. (सगळ्यांना नाही, ओमान आणि ड्रेस्डेन वर आलेच.) अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर अगदी जवळ सोन्याची खाण निघणार होती, १९९५ ला पार्क धोक्याच्या यादीत टाकलं तेव्हा तिथे किती आरडाओरडा झाला की हे परके आम्हाला शिकवणार का, पण पुढच्याच वर्षी सरकारने साडेसहा कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवून खाण बंद करवली. आता तिथले पर्यावरणवाले आधीपासून भांडतच होते, यादीमुळे त्यांचा आवाज मोठा झाला.

मध्य अमेरिकेतल्या बेलीझचंही तेच. प्रवाळाची रांग २००९ ला धोक्यात, खारफुटीची जमीन विकून रिसॉर्ट आणि वर तेलाचा शोध. लोक मागे लागले, सरकारने समुद्रातला तेलाचा शोध कायद्यानेच बंद केला आणि २०१८ ला नाव धोक्याच्या यादीतून बाहेर. छोटा देश, पर्यटनावर पोट, त्यामुळे लाज जास्त लागली असं माझं मत.

मी_आपली_अशीच

धोका फक्त खाण आणि पुलाचा नसतो हो, आपल्यासारख्या बघायला जाणाऱ्यांचाही असतो. फ्रान्समधली आदिमानवाच्या भिंतीचित्रांची लास्कोची गुहा घ्या. १९४० ला सापडली, १९४८ ला लोकांना उघडली आणि १९६३ ला बंद करावी लागली. कोणी चित्रांना हात लावला म्हणून नाही, नुसत्या श्वासामुळे! दिवसाला हजाराच्या वर माणसं आत, त्यांची वाफ, उष्णता आणि वर दिवे, भिंतीवर हिरवं शेवाळ धरायला लागलं. जे १७ हजार वर्षं टिकलं ते १५ वर्षांत संपायला आलं. आता बाजूला हुबेहूब नकली गुहा केलीय, सगळे तीच बघतात. आणि गंमत म्हणजे ती गुहा युनेस्कोच्या यादीत आली १९७९ ला, म्हणजे कुलूप आधी लागलं आणि पाटी नंतर.

गोंधळलेला_गडी

बाप रे, एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद मंडळी. म्हणजे लिव्हरपूलने गोदी बुजवून स्टेडियम आणि वरती उंच इमारती असा हिशोब केला आणि पाटी सोडून दिली, बरोबर ना? गोदामं राहिली, पण त्यांच्यासाठी भांडणाऱ्याच्या हातातली काठी गेली असंच ना?

@रेवा_के, ते वटवाघूळ कधी दिसलं का?

रेवा_के

नाही ना. रात्री दोनदा मुद्दाम थांबून बघितलं. एकदा तर काहीतरी फडफडलं म्हणून मोबाईल काढला तर कबुतर निघालं.