पहिल्या दिवशी मत द्यावं की स्किप मारावं?

नाराज गावकरी
शनिवारचा आपला चॅटवरचा माफियाचा डाव आठवतोय ना? नऊ जण. त्यात दोन माफिया, एक डॉक्टर, एक डिटेक्टिव्ह, बाकी आम्ही साधे गावकरी. दिवसा गावाने मतं देऊन एकाला बाहेर काढायचं किंवा स्किप मारायचं, म्हणजे कोणालाच काढायचं नाही; रात्री लपलेल्या माफियाने एकाला उडवायचं.

पहिल्या दिवशी कोणाकडे काय पुरावा असतो? शून्य. तरी पाच मतं पडली, आणि कोणावर? "बरें, येतां" एवढंच लिहून गायब झालेल्या वाळपईच्या गड्यावर. का, तर म्हणे गप्प आहे! तिकडे पावसात लाईट गेलेली, मागोमाग नेटवर्कही गेलं. आणि तो निघाला डिटेक्टिव्ह. तिसऱ्या दिवशी गाव हरलं.

त्या पाचांत चौथं मत माझं होतं, हे आधीच कबूल करतो. पण म्हणूनच सांगतो, पहिल्या दिवशी सगळ्यांनी स्किप मारावं. डिटेक्टिव्हला एक रात्र मिळते, निदान एकाची खरी ओळख कळते, मग भांडा हवं तेवढं. पावसाळ्यात गप्प बसणं हा गुन्हा ठरवला तर आमचा अर्धा सत्तरी तालुका फासावर जाईल.

आकडेमोड
भाऊ, राग कळला, पण हिशेब चुकला. माफिया आणि बाकीचे सारखे उरले की गाव हरतं, म्हणून नऊ जण असताना रोज मत दिलं तर गावाला तीन संधी मिळतात: नऊ असताना, सात असताना आणि पाच असताना. डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या तरी तिन्ही वेळा निरपराधच सापडण्याची शक्यता ७/९ गुणिले ५/७ गुणिले ३/५, म्हणजे १/३. पहिल्या दिवशी स्किप मारलं तर रात्री एक जातो, उरतात आठ. मग संधी दोनच, आठला आणि सहाला. ६/८ गुणिले ४/६, म्हणजे सरळ १/२. स्किप मारून तू माफियाला एक दिवस फुकट देतोस.

आठच खेळाडू असतील तर मात्र तुझं खरं. तिथे पहिल्या दिवशी मत द्या नाहीतर स्किप मारा, संधी दोनच. पण स्किपनंतर त्या सातला आणि पाचला येतात, आणि दोन्ही वेळा चुकण्याची शक्यता १/२ वरून ३/७ वर येते. सम आकड्याला थांबावं, विषम आकड्याला मत द्यावं. अर्थात डॉक्टरने रात्री कोणाला वाचवलं की सम-विषम उलटं होतं, तेवढं लक्षात ठेवा.

नाराज गावकरी
ताई, चिठ्ठी काढली असती तर मी एक शब्द बोललो नसतो! चिठ्ठीला वाळपई कुठे आहे ते ठाऊक नसतं. आपण कुठे चिठ्ठ्या काढतो? जो समोर नाही, उत्तर देऊ शकत नाही, त्याला धरतो. आणि माफिया कधी गप्प बसतो का? रात्री कोणाला मारायचं ते ठरवून आलेला असतो, सगळ्यांत जास्त बडबड त्याचीच. म्हणजे तुमच्या १/३ पेक्षा आपलं खरं मतदान वाईट आहे.

ट्यूबलाईट
मी यंदाच आले यात, आधी फक्त अमंग अस हा व्हिडिओ गेम खेळायचे. तिथे पहिल्याच मीटिंगला काहीतरी हातात असतं. मृतदेह कुठे सापडला, इलेक्ट्रिकलच्या खोलीत कोण होतं, वायरिंगचं काम अर्धवट टाकून कोण पळालं. काहीच नसेल तर स्किप मारायला मलाही चालतं, कारण फिरताना पुढे काहीतरी दिसणारच असतं. इथे फिरायला नकाशाच नाही! हा खेळ १९८६-८७ च्या सुमारास मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढला तेव्हा सगळे एका खोलीत समोरासमोर बसत. कोणाचा आवाज कापतो, कोण नजर चुकवतो, ते बघता यायचं. आपल्याकडे टाईप केलेल्या ओळी आणि मतं, बस्स. सगळ्यांनी स्किप मारलं तर दुसऱ्या दिवशी वाचायचं काय? "हाय", "जेवलात का" आणि पॉदेर (पाववाला) आला म्हणून दोन मिनिटं गेलेला माणूस?

मडगावचा मासा
वाचायला भाषा आहे की! आपण सगळे अर्धं मराठी, अर्धं कोंकणी लिहितो. जो अचानक "माझ्या मते सदर खेळाडू संशयास्पद आहे" असं लिहायला लागतो, त्याला मी पहिल्या दिवशीच मत देतो. खोटं बोलताना माणूस शुद्ध होतो.

ट्यूबलाईट
मी तसं लिहिते कारण माझा कीबोर्ड शब्द सुचवतो! गेल्या महिन्यात याच कारणावरून मला काढलंत. आणि मी डॉक्टर होते.

मडगावचा मासा
ते एकदा झालं. एकदाच.

पेडण्याचा वारा
डाव संपलाय म्हणून सांगतो. शनिवारी माफिया मी होतो, ते आता सगळ्यांना माहीत आहे. पण मतांचा क्रम परत बघा. वाळपईवर पहिलं मत आपल्या 'केळीचं पान' हिचं. चवथीला गणपतीवरच्या माटोळीत बांधायला सुपारीचा घोस आणून देतो असं वाळपईवाला म्हणाला आणि आणला नाही, या रागाने गमतीत दिलेलं. दुसरं माझं. तिसऱ्यापासून सगळे गंभीर झाले. माझा जोडीदार त्यात आलाच नाही, त्याने मुद्दाम माझ्यावर मत टाकलं, म्हणजे आमचं साटंलोटं दिसू नये.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत? पाचवं मत देणाऱ्याला पकडलंत, कारण शेवटचा धक्का त्याचा. बिचारा साधा गावकरी. सुरू करणाऱ्याला जाब विचारतात, संपवणाऱ्याला विचारतात. मी नेहमी दुसरा असतो. एका माणसाची थट्टा दुसऱ्या मतानंतर थट्टा राहत नाही, आणि तरी दोष माझ्यावर येत नाही. तुम्ही स्किप मारलं असतं तर मला हे करायला जागाच नव्हती. पण मग तुम्हाला मला पकडायलाही जागा नव्हती. पाच मतांची ती यादी दोन दिवस सगळ्यांसमोर होती, बाबांनो.

नाराज गावकरी
ही यादी वाचायची कशी, हे माफियाकडून शिकायची वेळ आली. बरं, क्रम बघायला हवा होता, मान्य. पण ती यादी मिळवायला डिटेक्टिव्ह गमावला, तो सौदा मला अजून महाग वाटतो.

वाळपईचा मुक्काम
मेलेल्याने बोलू नये, पण लाईट आली आहे तर बोलतो. मला स्किप नको. मी गावकरी असतो आणि दुसरा कोणी "बरें, येतां" म्हणून गेला असता तर मीही त्याच्यावर मत दिलं असतं. फक्त आठ ते दहा एवढ्या दोन तासांत मतदान उरकू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवा. आणि ज्याच्यावर तीन मतं झाली त्याने काही लिहीपर्यंत चौथं पडू नये, एवढा नियम करा. चौथं मत कोणाचं होतं ते नाराजबाबनेच सांगितलंय वर.

केळीचं पान
दुपारपर्यंत नको गं बाई. रविवारी दुपारी नुस्तं (मासळी) साफ करू की मतं देऊ? तीन मतांवर थांबायचा नियम चालेल. आणि तो सुपारीचा घोस अजून आलेला नाही, हे इथेच नोंदवते.

आकडेमोड
येत्या शनिवारी मी नाही, सावंतवाडीला लग्न आहे. म्हणजे आठच उरता. वरचा हिशेब बघून घ्या.

नाराज गावकरी
आठ! म्हणजे ताईंच्याच गणिताने पहिल्या दिवशी स्किप. कोण कोण तयार?

पेडण्याचा वारा
मी तयार. स्किपला माझा पाठिंबा.

नाराज गावकरी
थांब. हेही दुसरं मत तुझंच?