नव्या दुर्बीणधारकाने रंगीत फिल्टरचा संच घेऊ नये, असे माझे मत आहे. आपले काय?

गच्चीवाला, जुळे सोलापूर

दुर्बीण घेतलेला नवखा माणूस पाठोपाठ सहा-आठ रंगीत काचांचा संच घेतो आणि माझ्या मते तिथेच त्याचे पैसे वाया जातात. माझ्याकडे आठ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी, आरशाची दुर्बीण) आहे. क्रमांक २५ चा गडद लाल फिल्टर लावला की जेमतेम सातवा हिस्सा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. १६ जानेवारी २०२५ च्या प्रतियुतीच्या (पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मधे येते त्या वेळेच्या) सुमारास मंगळावरचे जे काळसर डाग मला नुसत्या नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) दिसले, तेच या फिल्टरमधून दिसले, फक्त लालभडक आणि अधिक मंद.

त्याऐवजी एकच यूएचसी फिल्टर घ्यावा. आयनीभूत ऑक्सिजनच्या ४९५.९ व ५००.७ आणि हायड्रोजन-बीटाच्या ४८६.१ नॅनोमीटर या रेषांभोवतीचा अरुंद पट्टा तो जाऊ देतो आणि दिव्यांचा बराचसा उजेड अडवतो. मृगातील तेजोमेघाचे पंख त्यामुळे गच्चीवरूनही पसरलेले दिसतात. मात्र तो २५ मिमीच्या नेत्रिकेला लावावा. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाशझोत सुमारे ४ मिमी रुंद असतो, तर १० मिमीच्या नेत्रिकेत तो पावणेदोन मिमीहूनही कमी होतो आणि फिल्टरसह चित्र काळवंडते.

नान्नजवाट

आपले गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. दीर्घिका आणि तारकागुच्छ यांचा प्रकाश ताऱ्यांचाच, म्हणजे सर्व रंगांत पसरलेला असल्याने यूएचसी त्यांना दिव्यांच्या उजेडाबरोबरच कापून टाकतो. म्हणजे आपला ‘एकच फिल्टर’ निम्म्याहून अधिक आकाशाला निरुपयोगी ठरतो. त्या पैशांत सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला, माळरानाच्या अंधारात, किती तरी अमावास्यांना जाता येईल.

आणि गच्चीवरच राहायचे असेल, तर जाड सोलापुरी चादर घ्या. शेजारच्या जिन्यातला दिवा थेट डोळ्यांवर येत असताना बाहुली मोठी होतच नाही. चादर डोक्यावरून घेऊन तिची कड नेत्रिकेभोवती धरली आणि वीस-पंचवीस मिनिटे तशीच काढली, की फिल्टरविनाही मंद तारे वर येऊ लागतात. (मे महिन्यात हा सल्ला मागे घेतो.)

शाळेतला दुर्बीणवाला

आपण दोघेही तेजोमेघांतच रमला आहात. मला चाळीस मुलांच्या रांगेला चंद्र आणि गुरू दाखवायचे असतात. फिकट निळा ८०ए फिल्टर लावल्यावर गुरूचे तांबूस पट्टे उठून दिसतात आणि ‘सर, काहीच दिसत नाही’ म्हणणारे मूलही पट्टे मोजू लागते. सरावलेल्या डोळ्याला त्याची गरज नसेल, नवख्याला असते. चंद्रासाठी मात्र वेगळा फिल्टर नको, कारण डॉब्सोनियनच्या झाकणातले लहान टोपण तेवढे काढले तरी झगमगाट पुरेसा कमी होतो.

जुन्या लहान दुर्बिणींसोबत नेत्रिकेला लावायची काळी ‘सूर्यकाच’ मिळत असे. ती कोणाकडे असल्यास फोडून टाकावी. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच लावला पाहिजे.

गच्चीवाला, जुळे सोलापूर

चादरीचा मुद्दा मान्य, गुरूचाही अर्धा मान्य. पण पट्टे दाखवायला एक ८०ए पुरतो. त्यासाठी संच कशाला? नान्नजवाट, एलईडी दिव्यांचा उजेड सर्व रंगांत पसरत असल्याने रुंद पट्ट्याचे ‘प्रकाशप्रदूषण फिल्टर’ आता फारसे कामाचे उरले नाहीत, हे आपण म्हणाला असता तर मी लगेच मान डोलावली असती. अरुंद पट्ट्याच्या यूएचसीला तो नियम तितकासा लागू होत नाही. अंधाऱ्या माळावर तर तो आणखी खुलतो. हंस तारकासमूहातील वेल नेब्युला हा तेजोमेघ यूएचसीसह आणि त्याविना पाहावा, मग बोलू.

बसवण्याविषयी एक राहिले. सव्वा इंची नेत्रिकेच्या नळकांड्यात खालून आटे असतात. फिल्टर टेकवून आधी उलटा फिरवावा, ‘टक्’ असे बसल्याचे जाणवले की सुलटा फिरवावा आणि बोटांच्या टोकांनी जेमतेम घट्ट करावा. माझा एक फिल्टर धुळीमुळे तिरका बसला. काढताना मी कडा जितकी दाबली तितकी ती लंबगोल होऊन अधिकच अडकली. शेवटी कडेभोवती रबरबँड गुंडाळून, दाब न देता नुसता पीळ दिला, तेव्हा तो सुटला.