अक्रोडाच्या झाडाजवळ टोमॅटो जगतच नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बागेच्या एका कडेला अक्रोडाची दोन जुनी मोठी झाडं आहेत आणि ऊन नेमकं त्याच बाजूला चांगलं येतं म्हणून भाजीचे वाफे पण तिथेच केले. टोमॅटो, वांगी, मिरची लावली, महिनाभर रोपं मस्त वाढली आणि मग टोमॅटोंनी एकदम माना टाकल्या, पाणी कमी पडत असेल म्हणून वाढवलं तरी उपयोग नाही. मर रोग म्हणावा तर सगळ्यात आधी झाडाजवळचीच रोपं गेली, आणि बाजूच्या ओळीतला कांदा, बीट, घेवडा ठणठणीत आहे. खूप जीव लावून वाढवली होती हो. झाडं तोडायची अजिबात इच्छा नाही. काय करू?

प्रतिसाद १: अक्रोड काळा आहे का? काळ्या अक्रोडाचा त्रास सगळ्यात जास्त, आपण खातो त्याचा बराच कमी. मुळं, पानं आणि फळाची हिरवी साल यातून जुग्लोन नावाचं द्रव्य जमिनीत जातं, टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची, कोबी यांना ते सोसत नाही. मोठ्या झाडाचा असर १५ ते १८ मीटरपर्यंत जाणवतो कारण मुळं फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. कांदा, बीट, गाजर, मका, घेवडा बिनधास्त लावा. आणि तोडूनही लगेच सुटका नसते, जमिनीत राहिलेली मुळं कुजेपर्यंत काही वर्षं त्रास चालूच राहतो.

मूळ प्रश्न विचारणारी: काळाच आहे! आणि मी त्याचीच पडलेली ओली पानं वाफ्यावर आच्छादन म्हणून पसरली होती, म्हणजे वरून पण तेच आणि खालून पण तेच. ती पानं आता टाकूनच द्यायची का?

प्रतिसाद २: टाकू नका, आधी वाफ्यावरून काढून ढिगात घाला. हवा, ओल आणि जिवाणू मिळाले की पानांतलं जुग्लोन २ ते ४ आठवड्यांत मोडतं. लाकडाचा ताजा भुसा मात्र नको, तो निदान ६ महिने मुरू द्या. टोमॅटो हवेच असतील तर झाडापासून लांब मोठ्या कुंड्यांत लावा. गादीवाफा केलात तर तळाला जाड कापड घाला नाहीतर मुळं खालून वर शिरतात, आणि पडलेली पानं, साली वरचेवर उचलत राहा. निचरा चांगला ठेवा, पाणी साचणाऱ्या जमिनीत हे जास्त दिवस टिकतं.

मूळ प्रश्न विचारणारी: पानं आजच काढली. मिरचीची चार रोपं अजून हिरवी आहेत, ती संध्याकाळी कुंडीत हलवते, मुळांची जुनी माती झटकून लावू की तशीच?

प्रतिसाद २: झटकूनच लावा, आणि दोनतीन दिवस सावलीत ठेवा.