शेक्सपिअर शिकून सियागंजात काय विकायचं?

सियागंजवाला:
मुलगी आयसीएसईत, नववीला. काल रात्री अकराला 'ज्युलियस सीझर' घोकत बसली होती. दाऊ, दी, दाय, हॅथ. कोण बोलतं हे आता? इंदूरच्या सियागंज बाजारातल्या माझ्या दुकानात बी.कॉम. झालेली मुलं येतात, मुंबईच्या पार्टीला चार ओळींचा मेल लिही म्हटलं की घाम फुटतो. आणि शाळेत काय, तर 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ'! अहो, 'कुठे आहेस' विचारायला 'व्हेअर आर यू' पुरत नाही? 400 वर्षांपूर्वीचं इंग्रजी काढा, बोलायचं शिकवा. बस्स.

निवृत्त मास्तरीण, तिलकनगर:
तुमचं वाचता वाचता चहा गार झाला. आधी हे, की 'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. ज्युलिएट त्याला शोधत नाहीये. तू नेमका रोमिओच का, वैऱ्याच्या घरचाच का, असं म्हणतेय बिचारी. जे काढून टाका म्हणता ते एकदा वाचा तरी.

आता तुमचं दाऊ. 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. फळ्यावर मी हॅम्लेटच्या दोन ओळी लिहायची. आई म्हणते, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.' मुलगा तेच वाक्य तिच्यावर उलटवतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.' मग मुलांना सांगायची, मराठीत करा, हिंदीत करा, काय दिसतं बघा. मागच्या बाकावरचा एक, ज्याचं स्पेलिंग जन्मात धड आलं नाही, उठला आणि म्हणाला, ''बाई, ती अरे-तुरे करते, तो अहो-जाहो. आमच्याकडे बाबा चिडले की आईला 'आपण' म्हणतात.'' हे लंडनच्या पोराला समजावून सांगावं लागतं, कारण त्यांच्या रोजच्या बोलण्यातून 'दाऊ', म्हणजे 'तू', कधीच गेला. आपलं पोर घरूनच शिकून येतं.

नाइट शिफ्ट:
काकू, अशा बाई आम्हाला कुठे मिळाल्या! आमचे सर कुंजीतला, म्हणजे गाइडातला, प्रश्न क्रमांक सांगायचे. पोर्शियाचं कॅरेक्टर स्केच मी तोंडपाठ केलं, 10 पैकी 9 मिळाले, नाटक उघडलंच नाही. पहिल्या नोकरीत अमेरिकेचा कॉल आला तेव्हा 40 मिनिटं म्यूटवर बसलो होतो. मॅनेजरला वाटलं नेट गेलं. सियागंजवाले भिया बरोबर बोलतायत.

स्नेहनगरची:
तुमचा सीझर राहू द्या बाजूला. बारावीच्या सीबीएसईच्या 'फ्लेमिंगो'त 'द लास्ट लेसन' आहे ना? बर्लिनहून हुकूम येतो, अल्सेसच्या शाळांत यापुढे जर्मनच. म्हातारे मास्तर फ्रेंचचा शेवटचा तास घेतात. माझ्या चिरंजीवांनी त्यावर झकास उत्तर लिहिलं, भाषा धरून ठेवली तर तुरुंगाची किल्ली आपल्या हातात वगैरे. त्याच आठवड्यात आजीचं पत्र आलं. हिंदीमुळे अक्षरं येतात, वाचलं. आजीने लिहिलं होतं, 'मी लगबगीने निघाले.' मला विचारतो, ''मम्मी, ये लगबगी किधर पडता है?'' मी हसले, मग आत जाऊन रडले.

पेठेतून विजयनगर:
इंदुरात मराठी उरली आहे कुठे, जी वाचवताय? परवा एका काकूंचं ऐकलं, 'लाइट चालली गेली.' इथे तर मास्तरीणबाईसुद्धा 'मी लिहायची' लिहितात. 'लिहायचे' हो, 'लिहायचे'. आधी स्वतःचं व्याकरण, मग शेक्सपिअर.

स्नेहनगरची:
झालं, आले! लाइट येईल परत, तुम्ही चालले जा. पिढ्यान्पिढ्या हिंदीच्या गावात राहून घरात मराठी टिकवली आम्ही. तुमच्या पेठेतली नातवंडं आजीशी कुठल्या भाषेत बोलतात, बघून या जरा.

नाइट शिफ्ट:
1802 मध्ये आमच्या यशवंतराव होळकरांनी हडपसरला पुण्याच्या पेशव्यांना व्याकरण शिकवलं होतं, विसरलेले दिसतात.

पेठेतून विजयनगर:
मुद्दा संपला की तलवार काढायची! मी भाषेबद्दल बोलतोय.

निवृत्त मास्तरीण, तिलकनगर:
मग भाषेबद्दलच ऐका. 'रिचर्ड द सेकंड'मध्ये यॉर्कचा ड्यूक पुतण्याला झापतो, 'अंकल मी नो अंकल.' काका या नामाचं सरळ क्रियापद केलंय. आपण नाही का म्हणत, 'उगाच काका-काका करू नकोस', तसंच. त्याला कुणी लाल शाईने नापास केलं नाही. मी 'लिहायची'च म्हणणार. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची.

नाइट शिफ्ट:
काकू, 'काका' हा शब्द पुणेकरांसमोर जपून. शनिवारवाड्याच्या आठवणी निघतात.

पेठेतून विजयनगर:
अत्यंत खालची पातळी. (लगबगीला मात्र हसलो. तेवढं कबूल.)

निवृत्त मास्तरीण, तिलकनगर:
नाइट शिफ्ट, तुमचं कुंजीचं खरं आहे. शेवटची दोन वर्षं मीही कुंजीतूनच उरकलं. वर्गात 64 मुलं आणि जानेवारीच्या आत कोर्स संपवायचा. सांगून टाकलं, आता परत काढू नका.

सियागंजवाला:
माझी पोस्ट कुठे होती आणि तुम्ही हडपसरला पोचलात. असो. 'का' तर 'का', शिकलो बाई, उपकार झाले. काल मुलीला खोदून विचारलं, यात आहे तरी काय. म्हणाली, सीझरला मारल्यावर ब्रूटस साध्या गद्यात बोलतो, मुद्देसूद, खात्याचा हिशोब दिल्यासारखा, आणि लोक पटतात. मग अँटनी येतो, पद्यात बोलतो, ब्रूटसला दर चार ओळींनी 'ऑनरेबल मॅन' म्हणतो, आणि तीच माणसं पेटतात. असे दोन अँटनी माझ्याकडे उधारी ठेवून आहेत. गल्ल्यावर मला ब्रूटसच हवा. आणि मेलचं मी म्हणालो ते अजूनही म्हणतो.

पण मंगळवारी पेपर आहे. तिसरा अंक समजावाल का तिला?

निवृत्त मास्तरीण, तिलकनगर:
रविवारी साडेआठला पाठवा. पोहे खाऊन यायला सांगा, मी करणार नाही. आणि कुंजी घरी ठेवायची.