टायटसव्हिलचा जिओकॅशिंग मेळावा: उड्डाण पुढे गेलं तर?

रानवाटा:
फ्लोरिडात ऑर्लँडोला लेकीकडे आलेय. टायटसव्हिलच्या स्पेस व्ह्यू पार्कात रॉकेट उड्डाणानिमित्त जिओकॅशर्सचा (जीपीएसवरून लपवलेले डबे शोधणाऱ्यांचा) मेळावा आहे. सिंहगडाच्या वाटेवर नातवासोबत डबे शोधलेत, पण मेळावा पहिलाच. उड्डाण पुढे ढकललं तर मेळावाही रद्द होतो का हो?

चांदणवेडा:
ताई, बिनधास्त जा. उड्डाण हवेवर अवलंबून असतं, पण मेळावा सहसा जाहीर वेळेलाच भरतो. तो निदान अर्धा तास चालावा असा नियम आहे आणि हजेरीची नोंद डबा शोधल्यासारखीच मोजली जाते. उड्डाणतळ नदीपलीकडे लांब आहे. आधी उजेड दिसतो, गडगडाट बऱ्याच वेळाने येतो. तोवर जागचे हलू नका, तो छातीत जाणवतो!

ध्रुव_७७:
नातवाला हे जरूर सांगा. २००८ मध्ये अंतराळप्रवासी रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात जिओकॅश, म्हणजे शोधायचा ठेवा, ठेवली. आणि २०२० मध्ये फ्लोरिडातूनच निघालेल्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या रोव्हरवर (फिरत्या यंत्रावर) ट्रॅकेबल कोड (जिओकॅशिंगमध्ये नोंदवायचा सांकेतिक क्रमांक) आहे, त्याच्या शेरलॉक उपकरणाची अचूकता तपासायच्या (कॅलिब्रेशन) पट्टीवर. नासाच्या फोटोंत तो वाचून घरबसल्या नोंदवता येतो. मंगळावरची वस्तू आपल्या यादीत, मला तर याचं फार अप्रूप आहे.

रानवाटा:
नातू लगेच फोटो धुंडाळायला बसलाय! आम्ही जातोच. तिथे गाडी लावायला किती आधी पोचावं?